शार्क आणि पाकटांची व्यापारी मासेमारी

मुशी म्हणजे शार्क आणि तिचे चपटे भाऊबंद म्हणजे पाकट, हे मासे बाजारात विकायला मोठ्या प्रमाणावर पकडतात ती ही मासेमारी. दोघांच्याही अंगात हाडं नाहीत, सगळा सांगाडा कूर्चेचा, आणि या धंद्यातल्या बऱ्याच भानगडी त्यांच्या शरीरापासूनच सुरू होतात.

पहिली वासाची. यांच्या रक्तामांसात युरिया भरपूर असतो, मेल्यावर बॅक्टेरिया त्याचा अमोनिया करतात, म्हणून मासा बोटीवर आला रे आला की रक्त काढून, पोट साफ करून बर्फात घालायचा, उशीर झाला की मालाला मुतारीसारखा वास येतो आणि मग गिऱ्हाईक कोण!

पकडतात लाँगलाइनने (मैलोन्मैल दोरी आणि तिला हजारो गळ), गिलनेटने (पाण्यात उभं सोडलेलं, मासा अडकून बसणारं जाळं) नाहीतर तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलने. ट्यूना आणि स्वोर्डफिशच्या मागे गेलेल्या बोटींना ब्लू शार्क ढिगाने लागतात, कागदावर याला बायकॅच (दुसऱ्या माशासोबत चुकून लागलेला मासा) म्हणतात, पण जो मासा नीट बर्फात ठेवून विकला जातो तो चुकून आला म्हणणं जरा जास्तच.

सूपसाठीचे पर सगळ्यात महाग, म्हणून पर कापून बाकी जिवंत धड समुद्रात टाकायची पद्धत पडली, तिला फिनिंग म्हणतात. युरोपियन युनियनने 2013 पासून पर अंगाला जोडलेलेच ठेवून मासा बंदरात आणायची सक्ती केली, इतरही काही देशांत तसाच नियम आहे. आता अख्खं धड आणायचंच म्हटल्यावर मांसही विकलं जाणारच. लिव्हरचं तेल, कातडी, कूर्चेच्या गोळ्या हे वेगळंच. पाकटांचे मुख्यतः पंख खातात, मोठ्या मांटा पाकटांचे तर कल्लेसुद्धा विकले जातात.

खरी अडचण पिल्लांची आहे. बाकीचे मासे लाखांनी अंडी घालतात, हे मात्र उशिरा वयात येतात आणि पिल्लं मोजकी, स्पायनी डॉगफिशची मादी तर जवळपास दोन वर्षं गाभण असते, त्यामुळे एकदा समुद्रातला त्यांचा साठा बसला की वर यायला काही दशकं जातात. कॅलिफोर्नियात 1940 च्या दशकात लिव्हरमधल्या व्हिटॅमिन ए साठी सूपफिन शार्कवर तुटून पडले होते, काही वर्षांतच मासा मिळेनासा झाला आणि मग कृत्रिम व्हिटॅमिन आल्यावर मागणीही गेली. उलट ऑस्ट्रेलियात गमी शार्कसाठी जाळ्याची आस (भोकांचं माप) अशी ठरवलीय की मधल्या मापाचे मासे अडकतात आणि मोठ्या माद्या बऱ्याचशा सुटतात, ती मासेमारी टिकून आहे.

जगभरातली नोंदलेली पकड 2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत 9 लाख टनांच्या आसपास गेली आणि मग उतरली. आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या 2021 च्या अंदाजात शार्क-पाकटांच्या एक तृतीयांशाहून जास्त जाती धोक्यात आहेत. हॅमरहेडसारख्या काही जातींच्या देशादेशांतल्या व्यापाराला सायटीसचं (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परमिट लागतं, पण डोकं, पर उडवून कातडी सोलली की उरलेला तुकडा कुठल्या जातीचा हे जुन्या जाणत्यालाही ओळखता येत नाही, मग डीएनए टेस्ट करावी लागते.