कॅनडात मासेमारीला जाताना: किराणा काय न्यायचा, काय तिथेच घ्यायचा

सहलीचं बुकिंग पक्कं झालं की आम्हाला पहिला फोन माशांबद्दल येत नाही, डब्यांबद्दल येतो. चिकन मॅरिनेट करून नेलं तर चालेल का? भाकरीचं पीठ अडवतात का? कांद्याची पिशवी टाकू का? म्हणून हे पत्रक. गाडी भरायच्या आधी वाचा, सीमेवरच्या रांगेत नको.

आपण अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या इंटरनॅशनल फॉल्सहून पूल ओलांडून कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या फोर्ट फ्रान्सिसला उतरतो. तिथून उत्तरेकडे गाडीने, आणि शेवटचा टप्पा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने. मुक्कामाच्या केबिनच्या आसपास दुकान नाही, त्यामुळे जे नेऊ त्यावरच दिवस काढायचे. याचा अर्थ सगळं घरूनच न्यायचं असा मात्र नाही. फोर्ट फ्रान्सिसमध्ये किराण्याची मोठी दुकानं आहेत. दूध, अंडी, चिकन, बटाटे तिथेच घ्या, असा आमचा सरळ सल्ला आहे. चार पैसे जास्त जातील, पण सीमेवरच्या तपासणीच्या खिडकीवरचे निम्मे प्रश्न संपतील.

दूध, अंडी, चिकन एवढं नाजूक का?

कॅनडात दूध, अंडी आणि कोंबडी यांचं उत्पादन कोट्याने बांधलेलं आहे. बाहेरचा माल स्वस्तात आत येऊ नये म्हणून मर्यादेपलीकडे जबर जकात लागते: चीजवर २४५.५ टक्के, लोण्यावर २९८.५ टक्के. स्वतःच्या वापरासाठी माणशी २ डझन अंडी, २० कॅनेडियन डॉलरपर्यंतचे दुधाचे पदार्थ आणि १० किलोपर्यंत चिकन नेता येतं. सगळं मिळून मांस माणशी २० किलोच्या आत हवं. पनीर, चीज, लोणी एकत्र धरलं की २० डॉलर किती पटकन भरतात ते बघा. चौघांचा माल एकाच गाडीत असला तरी हिशेब माणशी होतो, फक्त ते चौघे त्याच गाडीत बसलेले हवेत. खाण्याची बर्फाची पेटी (कूलर) एका गाडीत आणि मंडळी दुसऱ्या गाडीत, असं करू नका.

बर्ड फ्लूमुळे २०२२ पासून कच्चं चिकन आणि अंडी यांच्याकडे जास्त बारकाईने पाहिलं जातं. न्यायचंच असेल तर दुकानातलं बंद पाकीट न्या, त्यावर अमेरिकेत तयार झाल्याचं लेबल हवं, पावतीही जवळ ठेवा. घरी मसाला लावून डब्यात गोठवलेलं चिकन कितीही चविष्ट असलं तरी त्यावर लेबल नसतं. मसाला वेगळा न्या, चिकनला तो केबिनवर लावा. ओळखीच्या शेतावरची अंडी तर नकोतच.

पिशव्या आणि पुड्या

विमानात सामानाचं वजन होतं. माणशी मर्यादा तुमच्या बुकिंगच्या पत्रात दिली आहे. म्हणून पीठ, डाळ, मसाले झिपच्या पिशव्यांत भरून ठेवायचा मोह होतो. सीमा ओलांडेपर्यंत तो आवरा. अधिकाऱ्याच्या हातात बिननावाची पिवळी पूड आली की तो हळद म्हणून सोडून देईलच असं नाही. मूळ पाकिटं तशीच न्या आणि पलीकडे गेल्यावर, विमानतळाच्या धक्क्यावर, निवांत मोकळी करा. घरी दळलेला मसाला असेल तर थोडाच घ्या आणि बरणीवर नाव लिहा. पाकीटबंद तांदूळ, डाळी, पोहे, रवा, चहा, साखर यांचा सहसा प्रश्न येत नाही.

भाजीफळांवर मातीचा कणही नको. बटाट्यांना वेगळे नियम आहेत, ते पलीकडेच घ्या.

जे गाडीत ठेवूच नका

सरपण. लाकडातून कीड पसरते म्हणून परवान्याशिवाय ते नेता येत नाही. गळाला लावायचं जिवंत आमिष, म्हणजे छोटे मासे आणि जळवा, ऑन्टारियोत बाहेरून आणायला बंदी आहे. मातीत ठेवलेली गांडुळंही मातीमुळेच अडतात. आमिष आम्ही तिकडेच घेऊन ठेवतो. गांजा मिनेसोटा राज्याच्या कायद्याने आणि कॅनडात कायदेशीर असला तरी सीमेवरून नेणं गुन्हाच आहे. माणसांवर मारायचा पेपर स्प्रे चालत नाही, अस्वलांसाठीचा चालतो, पण डब्यावर तसं छापलेलं हवं. स्प्रे बरोबर असेल तर विमानात चढण्याआधी वैमानिकाला सांगा.

दारू माणशी एकाच प्रकारची: दीड लिटर वाइन किंवा १.१४ लिटर व्हिस्की-रम किंवा ८.५ लिटर बिअर, म्हणजे ३५५ मिलीचे २४ कॅन. ऑन्टारियोत वयाची अट १९ आहे.

खिडकीवर

सामानाची यादी कागदावर लिहून चालकाजवळ ठेवा: मांस किती किलो, अंडी किती, दुधाचे पदार्थ किती डॉलरचे, दारू किती. विचारलं की यादी पुढे करा. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर बहुतेक वेळा ती काढून घेतात आणि तुम्ही पुढे जाता. लपवलेली सापडली तर १,३०० कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. 'खाण्याचं थोडंसंच आहे' हे उत्तर कुणाच्याच उपयोगाचं नाही.

याच खिडकीवर कागदपत्रंही लागतात. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्डासोबत भारतीय पासपोर्टही आणावा. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर कॅनडाचा व्हिसा लागतो, त्याची सुरुवात महिने आधी करा.

परतताना

सहल संपताना मासेमारीच्या लायसन्सप्रमाणे मासे नेता येतात. वायव्य ऑन्टारियोत बऱ्याच ठिकाणी वॉलआय या माशाची मर्यादा स्पोर्ट लायसन्सवर ४ आणि कॉन्झर्वेशन या कमी मर्यादेच्या लायसन्सवर २ आहे. किराण्याचा अंदाज बांधताना हा आकडा ध्यानात ठेवा. रोजच्या जेवणाची भिस्त माशांवर टाकू नका, वाऱ्याचा एक दिवस आला की होडी धक्क्यालाच बांधलेली राहते. माशांचे फिले, म्हणजे काटे काढलेले तुकडे, करताना प्रत्येक तुकड्यावर कातडीचा एक पट्टा तसाच राहू द्या आणि तुकडे मोजता येतील असे सुटे गोठवा. जात ओळखता यावी आणि संख्या कळावी यासाठी हे आहे. सगळ्या फिलेंचा एकच गोठलेला ढेपा केलात तर मोजणार कसं?

अमेरिकेत शिरतानाही खाण्याचं सगळं सांगावं लागतं. उरलेली संत्री-लिंबं आणि ताजा कढीपत्ता परत आणू नका, केबिनवरच संपवा. कढीपत्ता लिंबाच्या जातकुळीतला आहे आणि त्यावरून येणाऱ्या किडीची अमेरिकेला धास्ती आहे.

तुमची यादी निघायच्या आठवडाभर आधी आम्हाला पाठवलीत तर अडण्यासारखं काय आहे ते आम्ही पाहून कळवू. हे नियम, विशेषतः चिकन आणि अंड्यांचे, मधेच बदलतात.