तिसरी तार आणि तो पिवळा गोळा

भाच्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. लढाऊ विमान विमानवाहू नौकेवर उतरतानाचा व्हिडिओ होता, कॉकपिटच्या आतून घेतलेला. "मामा, याच्या डाव्या हाताकडे बघ. चाकं टेकली आणि याने थ्रॉटल पुढे ढकललं! थांबायचं सोडून वेग वाढवतोय. चुकला ना हा?" व्हिडिओवर कुणीतरी मथळा ठोकून दिला होता: 'वाघाचं काळीज! पायलटने क्षणात मारले ब्रेक!' मथळा साफ चुकीचा होता. भाच्याने मात्र नेमकं तेच पाहिलं होतं, जे पाहायला हवं.

विमानाला ब्रेक असतात, पण इथे ते थांबतं डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेमुळे. शेपटीखालचा हुक ती तार पकडतो, तार डेकखालच्या यंत्रातून सरसर ओढली जाते आणि साधारण शंभर मीटरमध्ये, तीनेक सेकंदांत, वीस टनांचं विमान जागच्या जागी उभं राहतं. प्रत्येक विमान उतरण्याआधी त्याच्या वजनाप्रमाणे हे यंत्र लावून घ्यावं लागतं. आणि हुकाने तार पकडलीच नाही तर? ते कळेपर्यंत डेक संपत आलेला असतो. मंदावलेल्या जेट इंजिनाला पूर्ण जोर पकडायला काही सेकंद लागतात आणि ते सेकंद हातात नसतात. म्हणून चाकं टेकताक्षणी थ्रॉटल पूर्ण पुढे. तार सापडली तर इंजिन कितीही ओरडो, तारच जिंकते. नाही सापडली तर विमान पुढच्या टोकावरून सरळ पुन्हा हवेत. याला 'बोल्टर' म्हणतात. लाजिरवाणा प्रकार, पण जीव वाचवणारा.

पूर्वी पुन्हा हवेत झेपावायची ही सोय नव्हती. १८ जानेवारी १९११ रोजी युजीन एली याने सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत उभ्या असलेल्या 'पेनसिल्व्हेनिया' या युद्धनौकेवर विमान उतरवलं, तेव्हा आडव्या दोरांच्या दोन्ही टोकांना वाळूची पोती बांधली होती. तत्त्व तेच, आजही तेच. पण पुढे कितीतरी वर्षं डेक सरळ होता आणि त्याच्या पुढच्या भागात इतर विमानं उभी असत. तार हुकली की विमान जाळीत, जाळीही चुकली तर उभ्या विमानांत. १९५१ मध्ये ब्रिटिश नौदलातल्या डेनिस कॅम्बेल यांच्या डोक्यातून एक साधी कल्पना निघाली: उतरायची पट्टी नौकेच्या अक्षाशी थोडी तिरकी काढा, म्हणजे तिच्यापुढे मोकळा समुद्रच राहील. मात्र त्यामुळे वैमानिकाची पट्टी सतत उजवीकडे सरकत राहते, कारण नौका स्वतः पुढे चाललेली असते!

आता ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्या पिवळ्या गोळ्याकडे येतो.

प्रवासी विमान उतरताना जमिनीजवळ नाक हलकेच उचलून तरंगत टेकतं. नौकेवर असलं काही करायचं नसतं. साधारण साडेतीन अंशांचा उतार धरायचा आणि तो तसाच डेकवर नेऊन आदळायचा. बऱ्याच नौकांवर चार तारा असतात, एकमेकींपासून बारा-तेरा मीटरवर, आणि त्यांतली तिसरी पकडायची असते. साडेतीन अंशांच्या उतारावर बारा मीटर पुढे म्हणजे उंचीत जेमतेम पाऊण मीटर. तेव्हा पाऊण मीटर उंच आलात तर चौथी तार, दीड मीटर उंच आलात तर बोल्टर. आणि बरेच खाली आलात तर डेकची मागची कड, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. ही उंची डोळ्याने जोखायची, तीही ताशी २४० किलोमीटरच्या वेगात. नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड करून पळत असते, म्हणून डेकच्या मानाने वेग त्याहून कमी भरतो, इतकाच काय तो दिलासा.

सुरुवातीला डेकच्या कडेला एक माणूस हातात रंगीत फळ्या घेऊन उभा असे. तो हातवारे करून 'वर ये', 'खाली ये' सांगे. जेट विमानं आली आणि वेग इतके वाढले की त्याने बघायचं, हात हलवायचे, वैमानिकाने ते ओळखायचे, एवढ्याला वेळच उरेना. त्याच सुमारास ब्रिटिश नौदलातल्या निकोलस गुडहार्ट यांनी आरशाची युक्ती काढली. असं सांगतात की त्यांनी ऑफिसातल्या सेक्रेटरीकडून पर्समधला छोटा आरसा मागून घेतला, त्यावर लिपस्टिकने आडवी रेघ ओढली, आरसा टेबलावर उभा केला आणि एक टॉर्च त्याच्याकडे रोखून ठेवला. मग तिला सांगितलं, टॉर्चचं प्रतिबिंब रेघेवरच राहील अशा बेताने चालत ये. ती येत गेली, येता येता वाकत गेली आणि शेवटी तिची हनुवटी टेबलाला टेकली. उंचीचा अंदाज तिने एकदाही घेतला नव्हता. दिवा रेघेवर ठेवला, बाकीचं भूमितीने केलं.

पुढे आरशाची जागा फ्रेनेल भिंगांनी घेतली. दीपस्तंभात असतात तशी ही खाचाखाचांची भिंगं. डेकच्या डाव्या कडेला त्यांची उभी रांग असते, एकावर एक खण. प्रत्येक खणातून निघणारा प्रकाश आडवा पसरतो, पण उभ्या दिशेने अगदी अरुंद पट्ट्यात राहतो. त्यामुळे तुमचा डोळा ज्या पट्ट्यात असेल तोच खण उजळलेला दिसतो. तुम्ही वर गेलात की त्याच्या वरचा. बघणाऱ्याला वाटतं एक पिवळा गोळा रांगेत वर-खाली सरकतोय. हाच 'बॉल'. त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची आडवी ओळ असते, म्हणजे लिपस्टिकची रेघ. बॉल ओळीवर असेल तर तुम्ही उतारावर, वर असेल तर उंच, खाली असेल तर तुम्हीही खाली. अगदी तळाचे खण लाल.

खरी गंमत पुढे आहे. हे पट्टे भिंगातून हातपंख्यासारखे फाकत निघतात. नव्या पद्धतीच्या रांगेत बारा खण मिळून जेमतेम पावणेदोन अंशांचा कोन व्यापतात, म्हणजे एका खणाला अंशाचा सातवा हिस्सा. दीड किलोमीटरवर असताना एका खणाचा पट्टा साडेतीन मीटर जाड असतो. डेकच्या कडेपाशी, भिंगापासून दीडशे मीटरवर, तोच पट्टा वीतभर-दोन वीत. दूरवर सुस्तावलेला बॉल जवळ आल्यावर चवताळतो. म्हणूनच नवशिक्यांना बजावलेलं असतं की अगदी जवळ आल्यावर बॉल थोडा वर दिसला तर तो मध्ये आणायच्या भानगडीत पडू नका. तिथे इंजिनाचा जोर कमी केलात तर तो मध्यावर थांबणार नाही, तळ गाठेल.

अजून एक पेच आहे, आणि इथे वाचकाने चहा बाजूला ठेवावा. बॉल सांगतो डोळा कुठे आहे ते. तार पकडायची असते हुकाने, आणि हुक डोळ्याच्या काही मीटर खाली लोंबत असतो. विमान बदललं की हे अंतर बदलतं. मग प्रत्येक विमानासाठी उतार बदलायचा का? नाही. प्रकाशाचा पट्टा म्हणजे भिंगातून निघालेलं एक सपाट पान समजा. भिंग डाव्या कडेला आहे, विमान येतं ते त्याच्या उजवीकडच्या मध्यरेषेवरून. भिंग कुशीवर किंचित कलतं केलं की पानाची उजवी बाजू वर उचलली जाते. मध्यरेषेवर पान उंच झालं, उताराचा कोन मात्र तोच राहिला! हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी टेबलावर वही तिरकी धरून दहा मिनिटं बसलो होतो. त्यात नौका डुलते, म्हणून जायरोस्कोपच्या (नौका डुलली तरी आपली दिशा न सोडणाऱ्या फिरत्या चकतीच्या) आधाराने भिंग उलट डुलवून पान स्थिर ठेवावं लागतं, ते वेगळंच.

हा खेळ शेवटच्या पंधरा-अठरा सेकंदांचा. साधारण १४०० मीटरवर वैमानिक रेडिओवर सांगतो: विमानाचा क्रमांक, प्रकार, 'बॉल', उरलेलं इंधन. 'दोनशे चार, ऱ्हायनो, बॉल, पाच पॉइंट दोन.' (ऱ्हायनो हे 'सुपर हॉर्नेट' विमानाचं टोपणनाव.) कडेला उभा असलेला अधिकारी म्हणतो, 'रॉजर, बॉल.' तो स्वतःही वैमानिकच, त्याला आजही जुन्या फळ्यांच्या आठवणीने 'पॅडल्स' म्हणतात. मग नजर तीनच गोष्टींवर फिरते: बॉल, मध्यरेषा आणि विमान हवेला किती कोनात कापतंय ते. पारंपरिक पद्धतीत या मंद वेगात उंची सावरायची ती मुख्यतः थ्रॉटलने. नुसती नियंत्रणाची काठी ओढून विमान वर जाईल या भरवशावर राहिलात तर ते मंदावतं आणि आणखी खाली बसतं.

याला कुणी सहावं इंद्रिय म्हणतात. उलट आहे. असलेल्या पाचांवरही विसंबू नका, हे इथलं पहिलं शिक्षण. रात्री कॅटापल्टने, म्हणजे डेकवरच्या गलोलीसारख्या यंत्राने, विमान फेकलं जातं तेव्हाचंच घ्या. दोन-अडीच सेकंदांत शून्यावरून ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर. आपल्या आतल्या कानात कॅल्शियमच्या क्षारांचे बारीक खडे चिकट थरावर बसवलेले असतात. ते मागे सरकले की मेंदू समजतो, डोकं मागे कललं. जोराने पुढे ढकललं तरी ते मागेच सरकतात. काळोखात क्षितिज दिसत नाही, त्यामुळे वैमानिकाला ठाम वाटतं की नाक फार वर गेलंय, आणि हात काठी पुढे लोटायला शिवशिवतो. पुढे समुद्र असतो, तोही वीस मीटर खाली. म्हणून हॉर्नेट विमानांचे वैमानिक उड्डाणाच्या वेळी उजवा हात काठीवर ठेवतच नाहीत, कॉकपिटच्या काचेच्या चौकटीवरची मूठ धरतात. सुरुवातीचे ते क्षण संगणक सांभाळतो.

आपल्या 'विक्रमादित्य' आणि 'विक्रांत'वर कॅटापल्ट नाही, पुढे वर वळलेला उतार आहे. उतरणं मात्र तारेनेच. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी 'तेजस'ची नौदल आवृत्ती 'विक्रमादित्य'वर उतरवली, तीही हुक आणि तारेच्याच जोरावर. त्याआधी गोव्याच्या किनाऱ्यावर बांधलेल्या नकली डेकवर सराव झाला होता.

वैमानिकाचा उरलेला दिवस कसा जातो, तर बराचसा कागदांत. प्रत्येकाकडे स्क्वाड्रनचं, म्हणजे त्याच्या विमान-तुकडीचं, काहीतरी जमिनीवरचं काम असतं: वेळापत्रक, देखभाल, प्रशिक्षण. दोन-दोन तासांच्या ब्रीफिंगनंतर दीड तासाचं उड्डाण. कनिष्ठांच्या खोल्या बऱ्याचदा थेट डेकखाली. वर विमान आदळतं, तार किंचाळत ओढली जाते, आणि माणसं खाली झोपलेली असतात. सवय होते म्हणे. मध्यरात्री भटारखाना उघडा असतो, कारण उड्डाणं घड्याळ बघून होत नाहीत.

आणि उतरल्यावर सुटका नसते. पॅडल्सच्या शेजारी एक जण वहीत लघुलिपीत सगळं टिपत असतो. उड्डाणं संपली की ही मंडळी रेडी रूममध्ये, म्हणजे वैमानिकांच्या बैठकीच्या खोलीत, येतात आणि प्रत्येकासमोर उभं राहून वाचून दाखवतात: सुरुवातीला थोडा उंच, मध्ये बसलास, जवळ आल्यावर जोर कमी केलास, दुसरी तार. वाद घालायचा नसतो, मान डोलवायची. मग भिंतीवरच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे रंगीत चौकोन भरला जातो. हिरवा मिळाला तर उत्तम. रँक कितीही असो, तक्ता सगळ्यांसाठी एकच, आणि जाता-येता सगळ्यांना दिसेल असाच टांगलेला.