रंकाळ्याच्या फेऱ्या आणि शरीराचा तोल

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर रोज सकाळी साठी-सत्तरीच्या कितीतरी बायका झपाझप चालताना दिसतात. या चालण्यानं दमसास वाढतो, साखर आटोक्यात राहते. पण सपाट वाटेवर तोलाची कसोटी फारशी लागतच नाही. न्हाणीघरात पाय घसरला की घोटा, मांडी आणि कंबर यांनी क्षणात शरीर सावरायचं असतं, आणि ते वेगळं शिकवावं लागतं. शंभराहून अधिक चाचण्यांच्या २०१९ सालच्या आढाव्यात तोलाच्या आणि उठण्या-बसण्याच्या व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. नुसत्या चालण्याबद्दल तसं खात्रीनं सांगता आलं नाही.

सरावाला स्वयंपाकघरातला ओटा उत्तम. ओट्याकडे तोंड करून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवून उभं राहा. आधी दोन्ही हात ओट्यावर, काही दिवसांनी एक हात, मग दोन बोटं, शेवटी हात ओट्यावर नुसते अधांतरी. आधाराशिवाय १० सेकंद जमत नसेल, तर पडण्याचा धोका वाढलाय असं समजा. बहुतेकींची चूक एकच: सगळा भार हातांवर टाकतात. मग पाय काहीच शिकत नाहीत.

दुसरा व्यायाम खुर्चीचा. खुर्ची भिंतीला टेकवा, नाहीतर प्लॅस्टिकची हमखास मागं सरकते. हात छातीवर बांधून १० वेळा उठा-बसा. बसताना मनात तीन अंक मोजत खाली या. धपकन बसलं की मांडीची अर्धी मेहनत वाया जाते. गुडघे दुखत असतील तर बैठकीवर घट्ट घडीची सतरंजी ठेवून उंची वाढवा.

स्नायूंना प्रथिनं हवीत: या वयात वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईला रोज ५५ ते ६६ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.) पाव लिटर दुधात सुमारे ८ ग्रॅम, एका अंड्यात ६, पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीत ११-१२. घरात मटण शिजलं की फोडी मुलांच्या ताटात आणि आईच्या वाटीत नुसता पांढरा रस्सा, हे थांबायला हवं. प्रथिनं फोडींत असतात.

ड जीवनसत्त्वाची पुडी मात्र मनानं घेऊ नका. सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटांचा डोस दिलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत (२०१०) पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं. तपासणीत कमतरता निघाली तरच, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत घ्यावी. शाकाहारी असाल किंवा मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी पडलं की तळपाय बधिर होतात आणि जमीन नीट कळत नाही. उठल्याबरोबर डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा.