नवतपा, घाम आणि नर्सिंगचं पहिलं सेमिस्टर

बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी देऊन झाली, प्रवेशफेऱ्या अजून व्हायच्या आहेत, अशा मधल्या दिवसांत विदर्भातली मुलंमुली हमखास एक प्रश्न विचारतात. ॲनाटॉमी (शरीराची रचना) आणि फिजिऑलॉजी (शरीराचं काम) फार जड जातात म्हणे, मग आतापासून काय वाचून ठेवायचं? प्रश्न रास्त आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या सध्याच्या अभ्यासक्रमात हे दोन्ही विषय पहिल्याच सेमिस्टरला येतात. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, करणाऱ्यांनाही ते पहिल्याच वर्षी असतात. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीपुढे एकदम शेकडो अनोळखी नावं येऊन पडतात. मग कुणीतरी सांगतं, हाडांपासून सुरुवात कर. २०६ हाडांची यादी भिंतीवर चिकटते आणि कवटीच्या हाडांशी पोहोचेपर्यंत उत्साह ओसरलेला असतो.

मला विचाराल तर नागपूरच्या मुलांनी सुरुवात उन्हापासून करावी. नवतपा, म्हणजे मेच्या अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असतो, पारा ४५ च्या आसपास असतो, दुपारी रस्ते ओस पडलेले असतात. अशा दिवसांत त्वचा, हृदय, मूत्रपिंडं आणि मेंदू मिळून एकच काम धरून बसलेले असतात: शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांच्या जवळ राखायचं. पुस्तकात ज्या संस्था वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, त्या इथे एकाच वेळी राबताना दिसतात, आणि त्याही आपल्याच अंगात.

आपलं शरीर सतत उष्णता तयार करतं. यकृत, मेंदू, हृदय तर झोपेतही थांबत नाहीत. हिवाळ्यात ही उष्णता बाहेर टाकायला अडचण नसते, कारण हवा त्वचेपेक्षा थंड असते. त्वचेचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश. बाहेर ४५ असेल तर हवा, भिंती, डांबरी रस्ता, सगळे मिळून उलट आपल्यालाच तापवतात. मग एकच वाट उरते, घाम वाळण्याची. आपल्या त्वचेत २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात. एक लिटर घाम अंगावर वाळला, तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळायला हवा, टपकून खाली पडला तर काही उपयोग नाही. नागपूरकराला हे कूलरवरून लगेच पटेल. मे महिन्यात खोली गारेगार करणारा कूलर जुलैत नुसती चिकचिक वाढवतो, कारण ताट्यांमधलं पाणी दमट हवेत वाळत नाही. घामाचंही तसंच आहे. म्हणून पावसाच्या तोंडावर, पारा ३८-३९ वर उतरलेला असतानाही, पत्र्याच्या बंद शेडमध्ये राबणाऱ्या माणसाला उष्माघात होऊ शकतो.

आता हृदयाकडे या. आतली उष्णता त्वचेपर्यंत पोहोचवायची तर ती रक्तातूनच न्यावी लागते. त्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. एरवी त्वचेतून मिनिटाला अर्धा लिटरही रक्त वाहत नाही, कडक उष्म्यात हा आकडा ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकतो. स्वस्थ बसलेलं असताना हृदय मिनिटाला एकूण फेकतं तेच मुळी सुमारे ५ लिटर. म्हणजे त्याच्यावर किती भार पडतो बघा. वाहिन्या रुंदावल्या, घामाने रक्तातलं पाणी कमी झालं, की रक्तदाब उतरू लागतो. मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे चेतातंतू असतात. ते मेंदूच्या तळाशी खबर देतात आणि नाडी वाढते. उन्हातून आलेल्या रुग्णाची नाडी ११० का लागते, हे ज्याला या साखळीतून कळलं, त्याला ते पाठ करावं लागत नाही.

हे स्वतःवर तपासा. डावा तळहात वर करून मनगट किंचित दुमडा. मध्यभागी काही स्नायुबंध ताठ होऊन वर येतील. त्यातला अंगठ्याच्या बाजूचा ठळक स्नायुबंध ओळखा आणि त्याच्या बाहेरच्या कडेला उजव्या हाताची पहिली दोन बोटं टेकवा. अंगठ्याने मोजू नका, त्याचा स्वतःचाच ठोका लागतो. बोटांखाली रेडियल धमनी आहे, तिच्याखाली रेडियस हाडाचा सपाट भाग. धमनीला मागून हाडाचा आधार मिळतो, म्हणून ती इथे बोटाला सापडते. हलकेच दाबा. जोरात दाबलं तर ठोका नाहीसा होतो. सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या पूर्ण एक मिनिट मोजा, मग उठून उभं राहिल्याबरोबर मोजा, मग दुपारी उन्हातून घरी आल्यावर मोजा. वहीत तारीख घालून लिहून ठेवा. सलग आठवडाभराच्या नोंदी हाती असतील तर हृदयाचं प्रकरण वाचताना तुमच्याकडे स्वतःचे प्रश्न असतील, आणि माझ्या मते तयारी म्हणतात ती हीच.

नोंदवहीत आणखी एक रकाना ठेवा, लघवीच्या रंगाचा. यात लाजण्यासारखं काही नाही, उद्या वॉर्डात इनटेक-आउटपुटचा, म्हणजे रुग्णाच्या पोटात किती द्रव गेला आणि किती बाहेर पडला याचा, तक्ता तुम्हालाच भरायचा आहे. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला एक-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. घाम गेल्यावर रक्त थोडं दाट झालं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला ते कळतं. तहान लागते, पिट्यूटरी ग्रंथीतून एडीएच हे संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं पाणी आणखी अडवतात. लघवी कमी आणि गडद होते. सोडियम वाचवायला अल्डोस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक पुढे येतं. उन्हात रोज वावर असला की आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर सरावतं: घाम लवकर सुटतो, जास्त येतो, पण त्यातलं मीठ कमी होतं. थंड प्रदेशातून थेट मेच्या अखेरीस आलेल्या पाहुण्याला ही सवड मिळालेली नसते. म्हाताऱ्या माणसांना तहानच कमी लागते, म्हणून आजीला पाणी विचारत राहावं लागतं.

आता वॉर्डात जाऊ. उन्हाळ्यात नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत उष्माघाताच्या रुग्णांसाठी शीत वॉर्ड लागतात. समजा असा रुग्ण आला, अंग १०५ फॅरनहाइटने तापलंय, माणूस बरळतोय. घरचे विचारतात, तापाची गोळी का देत नाही? इथे फिजिऑलॉजी कच्ची असेल तर उत्तर देता येत नाही. जंतुसंसर्गाच्या तापात हायपोथॅलॅमस स्वतःच ठरवतो की तापमान वर न्यायचं. प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन त्याची ठरलेली पातळी चढवतं, म्हणून ताप चढताना थंडी वाजते आणि आपण गोधडी ओढतो. पॅरासिटामॉल हे रसायन तयार होणं कमी करतं, पातळी खाली येते, घाम सुटून ताप उतरतो. उष्माघातात ही पातळी जागच्या जागीच असते. मेंदूला ३७ च हवेत, पण उष्णता बाहेर टाकणारी यंत्रणाच हरलेली असते. तिथे पॅरासिटामॉलला करण्यासारखं काही नाही, उलट आधीच ताणलेल्या यकृतावर बोजा. म्हणून कपडे सैल करायचे, अंग ओलं करून पंखा लावायचा, बर्फाच्या पिशव्या मान, काख आणि जांघेत ठेवायच्या. तिथेच का? कारण मानेतल्या, काखेतल्या आणि जांघेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या त्या जागी त्वचेच्या जवळ आहेत. हा झाला ॲनाटॉमीचा भाग.

अशा बरळणाऱ्या किंवा बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मनात माया असते, पण जीव जाऊ शकतो. गिळताना स्वरयंत्र वर सरकतं आणि एपिग्लॉटिस नावाचा पडदा श्वासनलिकेचं तोंड झाकतो. शुद्ध हरपली की ही हालचाल आणि खोकला, दोन्ही भरवशाचे राहत नाहीत आणि पाणी सरळ फुफ्फुसाकडे जातं. नर्सने नातेवाइकाचा हात अडवायचा असतो तो यासाठी.

शुद्धीवर असलेल्याला मात्र ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी. साखर कशाला, असं वाटतं ना? लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं, ते ग्लुकोज आणि सोडियम बरोबरच आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बोनगावला, कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन पुरत नव्हतं. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी तिथे मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चवीसाठी साखर वाढवायची नाही, ती आतड्यात उलट पाणी ओढते. मला वाटतं, आतड्याच्या भिंतीवरच्या एका प्रथिनाने इतके जीव वाचवल्याची ही हकीकत पहिल्या वर्गातच सांगायला हवी.

विदर्भाच्या नर्सला आणखी एक गोष्ट चुकवून चालणार नाही, ती सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच बदल. पण ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतं, तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. एरवी १२० दिवस जगणारी पेशी इथे १० ते २० दिवसांत मोडते. अंगातलं पाणी घटलं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि चिकटणं वाढतं. नवतप्यात हाडं ठणकतात म्हणून रडत आलेल्या मुलीला नाटकं करू नको म्हणण्याआधी हे ठाऊक असलं पाहिजे.

पाहून शिकण्याचीही सोय करता येते. घरी मटण चालत असेल तर मटणवाल्याकडून बकऱ्याचं अख्खं हृदय आणा आणि उभं कापून बघा. डाव्या जवनिकेची, म्हणजे खालच्या कप्प्याची, भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड दिसेल. उजवी शेजारच्या फुफ्फुसांना रक्त देते, तिथे २५ मिलिमीटरच्या आसपासचा दाब पुरतो. डावीला १२० च्या दाबाने सगळ्या शरीरात पाठवायचं असतं. झडपांना धरून ठेवणारे पांढरे तंतूही नीट बघा, बोटाने हळूच ओढून बघा. सावजी खुरांच्या रश्श्यात सांध्याचा गुळगुळीत कूर्चा आणि स्नायुबंध मिळतो, तो निरखायला काहीच खर्च नाही.

वाचायचं कसं, याचं एकच सांगते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना जास्त येत होतं. म्हणून पान वाचलं की पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर काढा आणि जिथे अडलात तेवढंच पुन्हा उघडा. रंगीत पेनांनी ओळी अधोरेखित करण्यात मुलींचा फार वेळ जातो, तो वाचवा.

हाडांची ती यादीही उपयोगी पडेल, पण कॉलेजात खरं कमरेचं हाड हातात आल्यावर. त्यावर पुढचं टोक, म्हणजे अँटेरियर सुपिरियर इलियक स्पाइन, आणि वरची कड शोधा. मग तेच स्वतःच्या कमरेवर चाचपा. उजवा तळहात मैत्रिणीच्या डाव्या मांडीच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यावर ठेवा, तर्जनी त्या टोकावर आणि मधलं बोट कडेने मागे ताणा. दोन बोटांमधली जागा ही स्नायूत सुई देण्याची व्हेंट्रोग्लुटियल जागा, इथे मोठी नस (नर्व्ह) किंवा मोठी रक्तवाहिनी नाही. कुल्ल्यात खाली आणि आतल्या बाजूला सुई गेली तर सायटिक नस सापडू शकते आणि रुग्णाचं पाऊल कायमचं लुळं पडू शकतं.