चांदीचं नाणं सात्या तपासत नाही

पावसाळा लागला की गडचिरोली-चंद्रपूरकडे सात्या, म्हणजे खायच्या रानअळिंब्या (छत्र्या), निघतात आणि जुना सल्लाही निघतो: भाजीत चांदीचं नाणं टाका, काळं पडलं तर विषारी. हे साफ चूक आहे. चांदी काळी पडते गंधकाने; उकडलेल्या अंड्यानेही पडते. जीवघेण्या अळिंबीतलं अ‍ॅमाटॉक्सिन हे विष नाण्याला डाग लावत नाही, उकळूनही जात नाही. किड्यांनी खाल्लेली छत्री चालते, हेही खोटं.

नव्याने शिकणाऱ्याने छत्री वरून खुडू नये, बुडापासून खणून काढावी. सात्याचं लांब मूळ खाली वाळवीच्या घरापर्यंत जातं. मग टोपी कापून पांढऱ्या कागदावर रात्रभर पालथी ठेवावी. टोपीखालून बीजाणूंची (अळिंबीच्या बारीक बियांसारख्या कणांची) भुकटी कागदावर पडते; सात्याची फिकट गुलाबी असते. अंगणात, गवतात उगवणाऱ्या एका विषारी पांढऱ्या छत्रीची हिरवट. मला ही खूण फार मोलाची वाटते, पण एकट्या खुणेवर भाजी चढवू नका. जाणत्या आजीला अख्खी छत्री दाखवा.

अ‍ॅमाटॉक्सिनच्या उलट्या-जुलाब बहुधा 6 ते 24 तासांनी सुरू होतात, मधे बरं वाटतं, तेव्हाच यकृत बिघडत असतं. उरलेली छत्री घेऊन लगेच दवाखाना गाठा.