एक्स्टर्नल एसएसडी घेण्याआधी कॅबिनेटची पाठ बघा

कोल्हापुरात राजारामपुरी असो की शाहूपुरी, कॉम्प्युटरच्या दुकानात एक्स्टर्नल एसएसडी, म्हणजे केबलने बाहेरून जोडायचा, चिपमध्ये माहिती साठवणारा ड्राइव्ह, मागितला की काउंटरवर दोन-तीन खोकी येतात. एकावर छापलेलं असतं सेकंदाला १०५० एमबी, दुसऱ्यावर २००० एमबी. किमतीत फार फरक नसला तर गिऱ्हाईक साहजिकच मोठ्या आकड्याचं खोकं उचलतं. हे आकडे खोटे नसतात. पण ते हाती लागायचे तर ड्राइव्हच्या बाहेरच्या आणि आतल्या बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागतात. बाहेरची पहिली गोष्ट दुकानात बघताच येत नाही, कारण ती घरी टेबलाखाली असते: कॅबिनेटच्या मागचं यूएसबी पोर्ट.

यूएसबीच्या पिढ्यांची नावं इतक्यांदा बदलली आहेत की नावाच्या नादी न लागता थेट गिगाबिटचा आकडा विचारावा. २००० साली आलेलं यूएसबी २ सेकंदाला ४८० मेगाबिट नेतं. २००८ साली ५ गिगाबिटचं यूएसबी ३ आलं, २०१३ मध्ये १० गिगाबिट, २०१७ मध्ये २० गिगाबिट, आणि २०१९ च्या यूएसबी ४ ने ४० गिगाबिटपर्यंत मजल मारली. हे झाले बिट. खोक्यावरचा आकडा बाइटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ५ गिगाबिटचे ६२५ एमबी व्हायला हवेत. तेवढे होत नाहीत. समोरच्या चिपला बिटांची लय न चुकता कळावी म्हणून या पिढीत दर आठ बिटांसाठी दहा बिट पाठवले जातात. त्यामुळे कमाल मर्यादा ५०० एमबीवर येते आणि बाकीचा व्यवहार वजा जाता हातात ४०० ते ४५० पडतात. १० गिगाबिटच्या पिढीने ही नासाडी जवळपास संपवली. तिथे १२८ बिटांसाठी १३२ बिट जातात, आणि ते पोर्ट सेकंदाला हजारेक एमबी देतं. खोक्यावरचे १०५० आले ते इथून.

मेख आहे ती २००० एमबीवाल्या खोक्यात. त्यातले बरेच ड्राइव्ह २० गिगाबिटच्या, म्हणजे 'जेन २ बाय २' म्हणवणाऱ्या पद्धतीने चालतात, आणि ती पद्धत मोजक्याच मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डवर, असते. पोर्टला ती येत नसेल तर दोघे १० गिगाबिटवर उतरतात आणि तुमच्या २००० चे १००० होतात. गंमत अशी की ४० गिगाबिटचं नवंकोरं यूएसबी ४ पोर्ट असलं तरी खात्री नाही, कारण २० गिगाबिटची ही पद्धत सांभाळणं त्याच्या नियमांत ऐच्छिक ठेवलेलं आहे. पोर्ट न तपासता जास्तीचे पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तपासायचं कसं? विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडलं की बेसबोर्डच्या ओळीत मदरबोर्डचं मॉडेल दिसतं. ते नाव कंपनीच्या वेबसाइटवर शोधलं की मागचं कोणतं पोर्ट किती गिगाबिटचं, याची यादी मिळते. रंगावर विसंबू नका. निळं पोर्ट बहुधा ५ गिगाबिटचं असतं, पण त्यापुढच्या रंगांना सगळ्या कंपन्या पाळतील असा नियम नाही. समोरची पोर्ट हाताशी असली तरी ती कॅबिनेटच्या आतून केबलने मदरबोर्डला जोडलेली असतात आणि जुन्या कॅबिनेटमध्ये बऱ्याचदा मागच्यांपेक्षा संथ असतात. मोबाइलच्या चार्जरची टाइप-सी केबल लावली तर आणखी पंचाईत होते. अशा पुष्कळ केबलींमध्ये डेटासाठी फक्त यूएसबी २ च्या तारा असतात, आणि मग कितीही भारी ड्राइव्ह सेकंदाला ४० एमबीच्या आसपास रखडतो. सोबत आलेली केबल जपून ठेवा. ड्राइव्ह जोडल्यावर वायरलेस माउस अडखळू लागला तर माउसला दोष देऊ नका. यूएसबी ३ च्या केबलीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट बाहेर पडतो आणि माउसही त्याच पट्ट्यात बोलतो. त्याचा छोटा रिसीव्हर दूरच्या पोर्टला लावला की प्रश्न सुटतो.

आता ड्राइव्हच्या आत जाऊ. माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे. १९६७ साली बेल लॅब्जमध्ये दावोन काँग आणि सायमन झी यांनी ट्रान्झिस्टरच्या पोटात चहूबाजूंनी विद्युतरोधक थर असलेला एक कप्पा बसवायची कल्पना मांडली. त्या कप्प्यात इलेक्ट्रॉन अडकवले की वीज बंद केली तरी ते तिथेच राहतात. याच कल्पनेवर तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी उभी केली. १९८४ मध्ये ती जगापुढे आली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार. आजचा प्रत्येक एसएसडी त्याच घराण्यातला आहे. आता बहुतेक चिपमध्ये कप्प्याऐवजी सिलिकॉन नायट्राइडचा थर इलेक्ट्रॉन धरून ठेवतो आणि असे सेल, म्हणजे इलेक्ट्रॉन साठवणाऱ्या एकेक जागा, शेकडो मजल्यांत एकावर एक रचलेले असतात. विद्युतरोधक थर ओलांडण्याची ऊर्जा इलेक्ट्रॉनकडे नसते, तरी पुरेसा व्होल्टेज दिला की क्वांटम नियमांनुसार ते त्या थरातून आरपार जातात. आपली फोटोची फाइल साठते ती अशी.

सेलमध्ये इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत एवढंच बघितलं तर एक बिट साठतो. पण किती आहेत हेही मोजलं तर? आठ पातळ्या ओळखता आल्या की एका सेलमध्ये तीन बिट बसतात. हा टीएलसी. सोळा पातळ्या ओळखल्या की चार बिट, तो क्यूएलसी. तेवढ्याच सिलिकॉनमध्ये जास्त माहिती मावते, म्हणून क्यूएलसी स्वस्त. पण सोळापैकी नेमकी पातळी गाठायची तर थोडा चार्ज भरायचा, मोजायचा, पुन्हा थोडा भरायचा, पुन्हा मोजायचा, असं हळूहळू जावं लागतं. लिहिण्याचा वेग इथे पडतो.

यावर कंपन्यांनी काढलेली युक्ती हुशारीची आहे. फाइल आली की ड्राइव्ह ती घाईघाईने एका सेलमध्ये एकच बिट अशा पद्धतीने लिहून घेतो आणि सवडीने दाटीवाटीत रचतो. साखर कारखान्याचा गाडीतळ डोळ्यांसमोर आणा. तळावर जागा आहे तोवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या धडाधड आत येतात. तळ भरला की रांग रस्त्यावर जाते आणि मग ती गव्हाणीत ऊस पडेल त्याच गतीने पुढे सरकते. खोक्यावरचा आकडा हा तळ मोकळा असतानाचा आहे. १ टीबीचा क्यूएलसी ड्राइव्ह पूर्ण रिकामा असला तरी एका सेलला एक बिट या हिशेबाने त्यात जास्तीत जास्त २५० जीबी मावणार, आणि पुष्कळ ड्राइव्ह त्याहून कमीच जागा या कामाला देतात. शिवाय ड्राइव्ह भरत जाईल तसा हा तळ आक्रसतो. म्हणून ८०-९० टक्के भरलेला ड्राइव्ह अचानक सुस्तावतो.

लग्नाच्या चित्रीकरणाचे ३०० जीबी हलवायचे आहेत असं धरू. सेकंदाला १००० एमबी कायम मिळाले तर पाच मिनिटांत काम होईल. पण पहिल्या १०० जीबीनंतर वेग १५० वर आला तर उरलेल्या २०० ला बावीस मिनिटं लागतात, म्हणजे एकूण चोवीस. खोक्यावरच्या आकड्याने यातलं काहीच सांगितलेलं नसतं. टीएलसीमध्ये ही घसरण बरीच सौम्य असते. ड्राइव्ह टीएलसी की क्यूएलसी हे बऱ्याच कंपन्या खोक्यावर छापत नाहीत, तेव्हा परीक्षणांमध्ये सलग लिहिण्याचा आलेख दिलेला असतो तो बघावा. माझी पसंती मात्र वेगळ्या वाटेला आहे: चांगला टीएलसी एम.२ एसएसडी (मदरबोर्डवरही बसणारी छोटी पट्टी) आणि ती आत घालायचं १० गिगाबिटचं एन्क्लोजर, म्हणजे यूएसबीची डबी, वेगवेगळं घ्यायचं. आत काय आहे ते नक्की कळतं आणि त्याची टीबीडब्ल्यू, म्हणजे आयुष्यभरात किती टेराबाइट लिहिता येईल, हेही छापलेलं असतं. १ टीबीच्या टीएलसी ड्राइव्हला ही मर्यादा साधारण ६०० असते. रोज २० जीबी लिहिले तरी वर्षाला ७.३ टीबी होतात, तेव्हा झिजेची भीती सोडून द्या.

एवढा वेग आपल्याला लागतो का, हा प्रश्न मात्र प्रामाणिकपणे विचारायला हवा. कॅमेऱ्याच्या साध्या यूएचएस-१ कार्डाची मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे. त्यावरून फोटो उतरवताना १०५० चा ड्राइव्ह आणि ४५० चा ड्राइव्ह सारखेच. एसएसडीचं खरं सुख वेगळीकडे आहे. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरा पुरा करायला ११ मिलिसेकंद लागतात, आणि त्याशिवाय हेड जागेवर न्यावं लागतं. विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना तिची वाचनं सेकंदाला शंभराच्या आतच राहतात. एसएसडीत हलणारं काहीच नाही. तिथे हा आकडा हजारांत जातो. उद्यमनगरात साच्यांची ड्रॉइंग करणाऱ्याला किंवा हजारो फोटोंचा अल्बम लावणाऱ्याला हा फरक पहिल्या मिनिटात कळेल, अगदी ५ गिगाबिटच्या पोर्टवरही. आणि ड्राइव्ह टेबलावरून कधीच हलणार नसेल तर एक्स्टर्नल घेऊच नका. मदरबोर्डवर एम.२ ची जागा मोकळी असली तर आत बसवलेला एसएसडी जास्त वेगवान आणि बहुधा स्वस्तही पडतो.

एक्स्टर्नलचं महत्त्व तो उचलून नेता येतो यात आहे, आणि कोल्हापुरात ते जास्तच पटतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कॅबिनेट वरच्या मजल्यावर न्यायलाही अनेकांना सवड मिळाली नाही. बॅकअपचा ड्राइव्ह खिशात मावतो. तो दुसऱ्या भागातल्या नातेवाइकाकडे राहू द्यावा. पण एसएसडी कपाटात ठेवून विसरू नये. अडकवलेले इलेक्ट्रॉन अतिशय हळूहळू निसटतात आणि उष्णतेत जास्त लवकर निसटतात. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या कसोटीनुसार लिहिण्याची मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात विजेशिवाय एक वर्ष डेटा टिकवला पाहिजे. नवा ड्राइव्ह याहून पुष्कळ जास्त टिकवतो, तरी वर्षातून एक-दोनदा जोडून फाइली वाचून घ्याव्यात. वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या डेटाला मी आजही हार्ड डिस्कच सुचवेन.

वळवाच्या दिवसांत आणखी एक धोका असतो. कॉपी चालू असताना लाईट गेली की डेस्कटॉप बंद पडतो आणि त्याच्याच विजेवर चालणारा ड्राइव्हही. यूपीएस हवाच. ड्राइव्ह फक्त विंडोजवर वापरायचा असेल तर तो एनटीएफएस या फाइली मांडण्याच्या पद्धतीत फॉरमॅट करा; त्यात बदलांची नोंदवही ठेवलेली असते, म्हणून अर्धवट लिखाणातून तो सावरतो. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत तशी सोय नाही.

घरी आणल्यावर १ टीबीऐवजी ९३१ जीबी दिसले तर घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. खरी फसवणूक होते ती दोन-तीन हजारांत १६ टीबी देणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींत. त्यात बहुधा छोटं मेमरी कार्ड असतं आणि त्याचा कंट्रोलर कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगतो. जागा संपली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात आणि पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसत राहतं. 'एच टू टेस्ट डब्ल्यू' हा मोफत प्रोग्रॅम ड्राइव्ह काठोकाठ भरून पुन्हा वाचून बघतो. ड्राइव्ह कोरा असतानाच, परत करण्याची मुदत संपायच्या आत, तो एकदा चालवा. १ टीबीला काही तास लागू शकतात, म्हणून रात्री लावून ठेवलेला बरा.