किशोरवयीनांचं लैंगिक आरोग्य आणि टेक्नॉलॉजी: हे सगळं सुरू कुठून झालं

टीनएज मुलामुलींसाठीचे चॅटबॉट, घरी मागवायचे टेस्ट किट, व्हिडिओ कॉलवर डॉक्टर हे सगळं बघितलं की वाटतं ही स्मार्टफोन आल्यानंतरचीच गोष्ट असणार. पण याची मुळं खूप जुनी आहेत आणि ती मशीनमध्ये नाहीतच, ती एका साध्या अडचणीत आहेत, की पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला किंवा पोरीला या विषयावर काही विचारायचं असेल तर समोरच्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघून विचारता येत नाही. आणि शेजारच्या खुर्चीत आई बसलेली असेल तर विषयच संपला. मग काय, दुखणं अंगावर काढायचं.

डब्ल्यूएचओ १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. बराच काळ या वयाला स्वतःचा डॉक्टरच नव्हता, एकतर लहान मुलांचा नाहीतर मोठ्यांचा. १९५१ मध्ये बोस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये डॉ. रॉसवेल गॅलाघर यांनी किशोरवयीनांसाठी वेगळा विभाग काढला. आपला पेशंट हा मुलगा किंवा मुलगी आहे, त्याचे आईबाप नाहीत, हा तिथला मुख्य विचार. मग १९८५ मध्ये ब्रिटनमधला गिलिक खटल्याचा निकाल आला, त्यात ठरलं की सोळाच्या आतल्या मुलीलाही नीट समज असेल तर आईवडिलांच्या परवानगीशिवाय गर्भनिरोधनाचा सल्ला आणि उपचार मिळू शकतात. १९९४ मध्ये कैरोला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या आणि विकास परिषदेत १७९ देशांनी जो आराखडा मान्य केला त्यात किशोरवयीनांच्या लैंगिक आणि प्रजनन आरोग्याची गरज स्पष्ट लिहिली गेली. म्हणजे कागदावर हक्क मिळाला, पण तोंड उघडायचं कसं हा प्रश्न तिथेच राहिला.

त्याचं पहिलं पक्कं उत्तर दवाखान्यातून नाही तर एका सर्वेमधून मिळालं, आणि मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. १९९५ मध्ये अमेरिकेत १५ ते १९ वयाच्या मुलग्यांचा सर्वे झाला. त्यात काहींना नेहमीसारखा कागदी फॉर्म दिला आणि काहींना लॅपटॉप आणि हेडफोन. प्रश्न कानात ऐकू येणार, स्क्रीनवर दिसणार, आपण फक्त आकड्याचं बटण दाबायचं. घरात कोणी असलं तरी कानातला प्रश्न त्याला ऐकू जात नाही, सर्वेवाल्यालाही कळत नाही आपण काय दाबलं, आणि वाचता येत नसलं तरी चालतं. १९९८ मध्ये निकाल छापून आले तेव्हा दिसलं की दुसऱ्या पुरुषाशी लैंगिक संबंध आल्याचं हेडफोनवाल्या मुलांनी कागदवाल्यांपेक्षा तिपटीहून जास्त प्रमाणात सांगितलं. मुलं तशीच, वय तेच, प्रश्न तेच, फक्त बघणारं कोणी नव्हतं. आज किशोरवयीनांच्या क्लिनिकमध्ये डॉक्टरकडे जायच्या आधी टॅबलेटवर प्रश्न भरून घेतात ना, ती कल्पना याच कुळातली.

साधारण त्याच काळात लॅबमध्ये दुसरा मोठा बदल झाला, त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या इन्फेक्शनची लक्षणं बहुतेक वेळा दिसतच नाहीत, पण उपचार झाले नाहीत तर मुलींमध्ये ते गर्भाशयापर्यंत आणि गर्भनलिकांपर्यंत पोचून पुढे वंध्यत्वही येऊ शकतं. म्हणजे त्रास नसतानाच टेस्ट करायला हवी. आणि टेस्ट कशी, तर मुलीची आतून तपासणी आणि मुलाच्या मूत्रमार्गात स्वॅब घालायचा! काही होत नसताना कोण तयार होईल याला? १९९० च्या दशकात पीसीआरसारख्या टेस्ट आल्या, त्यांना जंतूचा अगदी थोडा डीएनए पुरतो, त्यामुळे लघवीचा नमुना चालायला लागला. एक छोटी प्लास्टिकची डबी, बाथरूममध्ये जाऊन भरून आणायची, बस्स. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी उडी हीच, कुठल्याही ॲपपेक्षा मोठी. कारण नमुना स्वतःच घेता येतो म्हटल्यावर तो क्लिनिकमध्येच घ्यायची गरज उरली नाही, आणि २००४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी इंटरनेटवरून किट मागवा, घरी नमुना घ्या, पोस्टाने परत पाठवा अशी सेवा सुरू केली.

माहितीचा प्रवास वेगळ्या रस्त्याने चालू होता. १९९३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने नाव न सांगता आरोग्याचे प्रश्न विचारायची 'गो आस्क ॲलिस' ही सेवा काढली. २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आरोग्य खात्याने तरुणांसाठी एसएमएसवर लैंगिक आरोग्याची माहिती द्यायला सुरुवात केली. २०१० च्या सुमारास केनिया आणि टांझानियामध्ये एमफोरआरएच ही गर्भनिरोधनाची माहिती देणारी एसएमएस सेवा आली, त्यात आपण मेसेज पाठवायचा, उत्तरात कोडची यादी येते, जो विषय हवा त्याचा कोड पाठवायचा. साध्या फोनवर चालणारी गोष्ट, आणि वापरणारे बरेचसे तरुण निघाले. इथे एक बारीक पण मोलाची गोष्ट आहे, मेसेज आपण विचारल्यावरच येतो, आपोआप टपकत नाही. फोन घरातल्या चौघांचा असेल तर हा फरक किती मोठा ते वेगळं सांगायला नको.

पुढे चॅटबॉट आले, २०२० मध्ये कोविडमुळे डॉक्टरांची भेट स्क्रीनवर गेली, आणि तिथे जुनी अडचण नव्या रूपात उभी राहिली की खोलीत अजून कोण आहे हे डॉक्टरला दिसत नाही. मग हेडफोन लाव, हो-नाही मध्ये उत्तर दे, बोलता येत नसेल तर टाईप कर, असे मार्ग काढले गेले. पंचवीस वर्षांनी पुन्हा हेडफोनच!

पण टेक्नॉलॉजीने काढून टाकलेली नजर टेक्नॉलॉजीनेच परतही आणली. पाळीची नोंद ठेवणाऱ्या फ्लो ॲपने युजर्सची माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) ठेवला आणि २०२१ मध्ये त्यात तडजोड झाली. त्याच वर्षी एप्रिलपासून तिथे पेशंटला त्याचे रिपोर्ट आणि डॉक्टरांच्या नोंदी ऑनलाइन लगेच दिसल्या पाहिजेत असा नियम लागू झाला. मोठ्यांसाठी चांगलाच, पण सोळा वर्षांच्या मुलीच्या हॉस्पिटलमधल्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड आईकडे असेल तर क्लॅमिडियाचा रिपोर्ट आधी आई वाचणार. आणि हे नुसतं शक्यतेपुरतं नाही, तिथल्या तीन हॉस्पिटल्समधल्या किशोरवयीनांच्या खात्यांवरून गेलेले मेसेज तपासले तेव्हा मेसेज पाठवणाऱ्या निम्म्याहून जास्त खात्यांमध्ये लिहिणारे पालक होते. म्हणून आता पालकांचं लॉगिन वेगळं, मुलांचं वेगळं आणि कुठली नोंद कोणाला दिसेल हे डॉक्टरने ती लिहितानाच ठरवायचं, या सेटिंग्जवर काम चालू आहे.